बोटाला लावायचा ऑक्सिमीटर : साडेतीन तारे आणि कंपनीला एक प्रश्न

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे माझं मत किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी नर्स. जीएनएमचा नर्सिंगचा कोर्स करून परळ भागातल्या एका इस्पितळात आयसीयूची ड्युटी वर्षानुवर्षं केली. आता नर्सेस ब्युरोमार्फत घरी जाऊन पेशंट बघते, बहुतेक छातीचे आणि वयस्कर. दादर, वरळी, लालबाग, कधी मुलुंडसुद्धा. पिशवीत स्टेथो, थर्मामीटर, बीपीचं मशीन आणि ऑक्सिमीटर कायम. जुना ऑक्सिमीटर कोविडच्या पहिल्या लाटेतला, त्याची स्प्रिंग गेली आणि तो बोट धरेनासा झाला, म्हणून हा नवा घेतला.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हाच साचा आणि हाच पडदा मी वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत पाहिलाय. शिवाय मी जे लिहिणार आहे ते बाजारातल्या बहुतेक स्वस्त ऑक्सिमीटरना लागू पडतं.

घेतला प्रिन्सेस स्ट्रीटवर. मरीन लाइन्सला उतरून चालत गेलं की सर्जिकलची दुकानं लागतात. मेडिकल स्टोअरमध्ये जे एमआरपीला मिळतं ते इथे बरंच खाली मिळतं. खोक्यावर २,९९० छापलेलं, शेठने मागितले १,४००, दिला १,२५० ला. जुलै २०२१ मध्ये सरकारने ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंच्या व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि बऱ्याच ब्रँडच्या छापील किमती धपकन खाली आल्या होत्या. मग हे २,९९० कुठून आले, असं विचारलं तर शेठ नुसता हसला. बिल मात्र मागा. बिलाशिवाय वॉरंटीचं कार्ड म्हणजे रद्दी.

दुकानातच सेल घालून बघितला. दोन बारीक पेन्सिल सेल लागतात, ते खोक्यात नव्हते. पहिली परीक्षा माझी ठरलेली: बोटाऐवजी पेन्सिल घालायची. २०२१ मध्ये पेनलाही ९८ टक्के ऑक्सिजन दाखवणारे नकली ऑक्सिमीटर सगळ्यांनी व्हॉट्सअॅपवर पाहिले असतील. याने पेन्सिलीला नुसत्या आडव्या रेघा दाखवल्या, आकडा नाही. पास. मग माझं बोट, शेठचं बोट, आणि चहा घेऊन आलेल्या पोऱ्याचं बोट. ९८, ९७, ९९. पोऱ्या खूश.

यंत्र म्हणून तक्रार फारशी नाही. पडदा लख्ख आहे, रात्री दिवा न लावता वाचता येतो. आकडे चारही बाजूंना फिरवता येतात, त्यामुळे पेशंटला बघायचंय की मला, हे ठरवता येतं. नाडीची लाट दिसते, आणि त्याखाली पीआय म्हणून एक छोटा आकडा येतो. तो सगळ्यात कामाचा आणि त्याच्याकडेच कोणी बघत नाही. बोटात रक्ताचा ठोका किती जोरकस पोचतोय ते तो सांगतो. लाट सपाट आणि पीआय अगदी खाली असेल तर वरचा ऑक्सिजनचा आकडा कितीही छान असो, वहीत लिहू नका. बोटं चोळा, गरम करा, पुन्हा लावा. आतलं सिलिकॉन मऊ आहे, वयस्कर माणसांच्या पातळ कातडीला टोचत नाही. बीपचा आवाज मात्र बंद होता होत नाही. बटण दाबून धरायचं, मग मेनू, मग आणखी काहीतरी. रात्री दोन वाजता झोपलेल्या आजीच्या कानाशी हा खेळ कोणी करायचा? अर्धा तारा त्याचा गेला.

बाकीचा एक तारा कुठे गेला, त्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

माझे दोन पेशंट एकाच आठवड्यात चालू होते. सकाळी दादर पारशी कॉलनीतले एक बावाजी, जुने सिगारेटवाले, सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार, घरी ऑक्सिजनचं मशीन. गोरेपान, बोटांच्या शिरा मोजता येतील असे. दुपारनंतर वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी. फुफ्फुसं आतून घट्ट होत जाण्याचा आजार, पण घरात बसवेल तर शपथ. बरं वाटलं की मासळीच्या पाटीवर जाऊन बसायच्या. रंगाने काळ्याभोर, तळहात बर्फाने आणि मिठाच्या पाण्याने राठ झालेले.

बावाजींच्या बोटावर यंत्र शहाण्यासारखं वागायचं. ८९, ९०, ९१. सीओपीडीत डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवायला सांगतात, उगाच ९८ करायला जाऊ नये म्हणून, आणि आकडा तिथेच खेळायचा. मावशींच्या बोटावर आधी काहीच येईना. मी बोट चोळतेय आणि मावशी म्हणतात, “सिस्टर, हे बोट जन्मभर बर्फात गेलंय, तुमच्या मशीनला काय दाद देणार!” कोमट पाण्याच्या वाटीत हात ठेवला, पुसला, मधलं बोट घातलं, मिनिटभर थांबले. लाट नीट आली. आकडा ९५.

पण श्वास मिनिटाला २८. बोलताना वाक्य मध्येच तुटायचं. ओठ उलटून आतली बाजू बघितली, जीभ बघितली. बाहेरच्या कातडीवर निळसरपणा दिसायची वाट बघत बसलात तर काळ्या माणसाच्या बाबतीत फार उशीर होतो. आम्हाला पुस्तकांत जी चित्रं दाखवली ती सगळी गोऱ्या पेशंटची होती. आतला रंग मला आवडला नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी इस्पितळात न्यायला सांगितलं, तिथे धमनीतून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, केली. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ८९.

आता एका बाईच्या एका तपासणीवरून कोणी काही सिद्ध करू नये. रस्त्यातल्या त्या वेळात त्या खऱ्याच खाली गेल्या असतील. थंड हात, राठ कातडी, हाताची किंचित थरथर, यातलं काहीही आकडा बिघडवू शकतं. पण आयसीयूत मॉनिटर आणि एबीजी शेजारी शेजारी बघण्यात माझं आयुष्य गेलंय, आणि सावळ्या पेशंटच्या बाबतीत मॉनिटर जरा जास्तच लाडाने वागतो, हे आम्ही सिस्टर लोक आपापसात बोलायचो. बाहेरच्या देशात हे मोजून छापलं गेलं तेव्हा मला नवल वाटलं नाही.

यंत्र चालतं कसं ते थोडक्यात सांगते. वरच्या जबड्यात दोन दिवे असतात, एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, ९४० च्या आसपासचा. खाली उजेड मोजणारा सेन्सर. ऑक्सिजन असलेलं रक्त इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन संपलेलं लाल जास्त शोषतं. त्यातला ठोक्यागणिक बदलणारा भाग तेवढा वेगळा काढायचा, म्हणजे हाड-मांस-कातडी आपोआप हिशेबातून बाहेर पडते, ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. एप्रिल २०२० मध्ये ते गेले. तेव्हा अख्खं जग त्यांच्या यंत्रात बोट घालून बसलं होतं.

पण दोन उजेडांच्या प्रमाणावरून टक्केवारी काढायला नुसतं गणित पुरत नाही, तक्ता लागतो. तो असा बनतो: धडधाकट स्वयंसेवकांना प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्याने कमी ऑक्सिजनची हवा द्यायची, रक्तातलं प्रमाण साधारण ७० टक्क्यांपर्यंत उतरवायचं, प्रत्येक टप्प्यावर धमनीतलं रक्त तपासायचं आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी जुळवायचा. म्हणजे मावशींच्या बोटावर दिसणारा ९५ ही कुठल्यातरी लांबच्या प्रयोगशाळेतल्या मूठभर तरुण माणसांच्या रक्ताशी केलेली तुलना आहे. त्या माणसांत मावशींच्या रंगाचं कोणी होतं का? औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या २०१३ च्या सूचनांमध्ये अशा चाचणीला किमान १० माणसं पुरे होती, त्यांतली २ किंवा १५ टक्के, यांपैकी जो आकडा मोठा तेवढी, गडद कातडीची. दहात दोन!

कातडी हिशेबातून पूर्ण बाहेर पडत नाही, हे १९९० च्या एका अभ्यासातही दिसलं होतं. तीस वर्षं त्याचं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. मग डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आकडे मांडले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी, अशा तपासण्या गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के. चूक वरच्या बाजूला होते हीच त्यातली वाईट गोष्ट. आकडा उगाच खाली दाखवला तर माणूस घाबरून डॉक्टरकडे तरी जातो. वर दाखवला तर घरीच थांबतो.

हे अमेरिकेतले आकडे वरळीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडे गोरा, गव्हाळ, सावळा, काळा एकाच घरात एकाच पंगतीला बसतात, आणि ‘भारतीय त्वचा’ असा काही एक रंग नाही. म्हणून तर आपल्याकडची मोजणी आपल्याच लोकांवर व्हायला हवी.

आता आठवा २०२१ चा एप्रिल. महापालिकेच्या २४ वॉर्डांच्या कोविड वॉर रूम, फोन लागत नाहीत, लागला की पहिला प्रश्न: सॅच्युरेशन किती? ९४ च्या खाली असेल तर धावपळ, वर असेल तर घरीच थांबा. त्याआधीच्या वर्षी धारावीत घरोघर तपासणी झाली ती थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊनच. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली तेव्हाही सेविका हेच यंत्र घेऊन जिने चढत होत्या. त्या यंत्राने माणसं वाचवली, मी डोळ्यांनी बघितलंय, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रांगेत कोण आधी आणि कोण नंतर हे एका आकड्यावर ठरत होतं, आणि तो आकडा सगळ्यांना सारखा न्याय देतो का, हे तेव्हा आपल्यापैकी कोणी विचारलं नाही.

यंत्रासोबतची पुस्तिका मी भिंग लावून वाचली. इंग्रजी आणि चिनी. मराठी-हिंदी एक अक्षर नाही, आणि हे वापरणार कोण, तर लालबागच्या चाळीतली सून आणि माझ्यासारख्या ब्युरोच्या बायका. अचूकता: ७० ते १०० मध्ये अधिक-उणे २. हे दोन म्हणजे हद्द नव्हे, बरं का. साधारण दोन तृतीयांश वेळा यंत्र त्या दोनच्या आत असतं, उरलेल्या वेळी बाहेर. एफडीएनेच लोकांना समजावून सांगितलंय की त्यांनी मान्यता दिलेल्या यंत्रावर ९० दिसलं तर खरा आकडा साधारण ८६ ते ९४ मध्ये कुठेही असू शकतो. मान्यता दिलेल्या यंत्राची ही गोष्ट. आपण १,२५० वाल्याबद्दल बोलतोय.

नेलपॉलिश काढा, असं पुस्तिकेत आहे. मेंदीबद्दल चकार शब्द नाही! लग्नसराईत निम्म्या घरांत सुनेच्या बोटांची पेरं काळी झालेली असतात, आणि गडद मेंदीने यंत्र कधी कधी अडखळतं. अशा वेळी मेंदी न लागलेलं बोट शोधा, नाहीतर पायाचा अंगठा. आणि चाचणी कोणत्या रंगाच्या, किती माणसांवर झाली याबद्दल तर काहीच नाही. कंपनीला ईमेल केली. उत्तर आलं, ‘आमचे उत्पादन आंतरराष्ट्रीय मानकांनुसार आहे, आपल्या विश्वासाबद्दल आभार.’ पुन्हा विचारलं, मानकं कळली, माणसं कोण होती? त्यावर अजून काही नाही. तो एक तारा हा असा गेला.

विचारणं अगदीच वेडेपणाचं नाही. ब्रिटनमध्ये मार्गारेट व्हाइटहेड यांच्या समितीने मार्च २०२४ मध्ये वैद्यकीय उपकरणांतल्या अशाच भेदभावावर अख्खा अहवाल दिला आणि त्यात ऑक्सिमीटर ठळक होता. एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये नवा मसुदा काढला: दहा नव्हे, दीडशे किंवा त्याहून जास्त माणसं घ्या, आणि रंगाची नोंद एलिस मंक यांच्या दहा छटांच्या पट्टीवर करा. आधीची नेहमीची पट्टी सहाच छटांची, तीही ऊन लागून कातडी भाजते किती यासाठी बनवलेली. मसुदाच आहे, पण निदान कागदावर तरी प्रश्न आला. आपल्याकडे खोक्यावर एवढी एक ओळ छापायला काय जातं?

आणखी एक गोष्ट सांगते, ती रंगाची नाही पण बायकांच्या जिवाची आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय एवढंच हे यंत्र सांगतं, हिमोग्लोबिन मुळात किती आहे ते नाही. नऊ डब्यांची गाडी गच्च भरली तरी पंधरा डब्यांइतकी माणसं नेणार नाही. हिमोग्लोबिन सहावर आलेल्या बाईचं बोटसुद्धा ९८ दाखवतं, आणि घरचे म्हणतात, मशीनमध्ये तर सगळं बरोबर आहे, हिला उगाच दम लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी सापडलं होतं. म्हणजे हे यंत्र बघून निश्चिंत होणाऱ्या घरांत अशा बायका किती असतील, विचार करा. दम लागणाऱ्या बाईचा ९८ बघून गप्प बसू नका, सीबीसी ही रक्ताची तपासणी करा.

बीपीच्या मशीनचीही हीच रड. सोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर दंडाचा. जाड दंडावर तो ओढूनताणून बांधला की बीपी खोटंच जास्त येतं आणि गोळी वाढते. मोठा पट्टा वेगळा मिळतो, मागून घ्या. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

मग यंत्र घ्यावं की नाही? घ्या. घरात छातीचा पेशंट असेल तर जरूर घ्या. माझ्या पिशवीतून ते निघणार नाही. मात्र एका आकड्यावर जीव टांगू नका. पेशंट बरा असतानाचा त्याचा स्वतःचा आकडा लिहून ठेवा. त्याच बोटावर, बसलेल्या अवस्थेत, हात छातीच्या पातळीला, पाच मिनिटं शांत बसल्यावर. रोज तसाच. मावशींचा बरा असतानाचा आकडा ९७ असेल तर ९५ ही माझ्यासाठी बातमी आहे, मग पुस्तिका काही म्हणो. आकड्याशेजारी श्वास मोजून लिहा, पूर्ण मिनिट, घड्याळ लावून, पेशंटला न सांगता. सांगितलं की माणूस श्वास वेगळाच घ्यायला लागतो. वाक्य पूर्ण होतंय का, झोप नेहमीपेक्षा जास्त येतेय का, ओठाच्या आतला रंग कसा. यंत्र आणि माणूस यांचं जमत नसेल तर मी माणसाच्या बाजूने, आणि डॉक्टरला फोन.

मावशी आता घरी आहेत, ऑक्सिजनच्या मशीनसह. पाटीवर सून बसते, मावशी खिडकीतून भाव सांगतात. त्यांच्या वहीत मी दोन रकाने केलेत, एक यंत्राचा, एक श्वासाचा, आणि सून दोन्ही भरते. चौथी पास आहे, पण अक्षर माझ्यापेक्षा सुंदर.

तुमच्याकडे दुसऱ्या कुठल्या कंपनीचा ऑक्सिमीटर असेल तर एक काम करा. पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत चाचणीची माहिती असते. त्यात किती माणसं आणि कोणत्या रंगाची असं काही छापलेलं सापडलं, तर त्या पानाचा फोटो खाली टाका. तसं एक जरी निघालं तरी पुढचं यंत्र मी तेच घेईन, महाग पडलं तरी.